दह्यातलं ॲसिड शोधणारा कार्ल शेले, आणि गरोदरपणात सीरम लावावं का हा प्रश्न

लॅक्टिक ॲसिडचं सीरम आज सटाण्यातही ऑनलाइन मागवता येतं. पण बाटलीवर ‘ॲसिड’ हा शब्द दिसला की गरोदर बाईचा हात थबकतो. बाळाला काही होणार नाही ना? घरातून सल्ला येतो, त्यापेक्षा बेसनात दही कालवून लाव. गंमत म्हणजे दही आणि सीरम, दोन्हींत आम्ल एकच आहे. ते पहिल्यांदा वेगळं काढलं कार्ल विल्हेल्म शेले या औषधविक्रेत्याने.

कोण होता शेले?

शेलेचा जन्म १७४२ चा, स्ट्रालसुंड गावचा. आज हे गाव जर्मनीत आहे, तेव्हा ते स्वीडनच्या ताब्यात होतं. अकरा भावंडांत तो सातवा. वयाच्या १४ व्या वर्षी तो गोथेनबर्गच्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला. विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही. दिवसा औषधं कुटायची आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, हेच त्याचं शिक्षण. पुढे माल्मो, स्टॉकहोम, उप्साला अशी गावं बदलत १७७५ मध्ये तो शॉपिंग या छोट्या गावात आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

ऑक्सिजन त्याने प्रीस्टलीच्या आधी तयार केला होता. पण त्याचं पुस्तक १७७७ मध्ये निघालं, तोवर प्रीस्टलीचं संशोधन प्रसिद्ध झालं होतं.

फळांतून आणि दुधातून आम्लं

बागलाणच्या द्राक्षांतही असणारं टार्टारिक ॲसिड शेलेने वाइनच्या पिंपात साचणाऱ्या खरपुडीतून मिळवलं. १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक, १७८४ मध्ये लिंबातून सायट्रिक, १७८५ मध्ये सफरचंदातून मॅलिक. लिंबाच्या रसात खडूची पूड घालायची, खाली बसलेला साका घ्यायचा आणि त्यातून सल्फ्युरिक ॲसिडने आम्ल मोकळं करायचं, अशी त्याची साधी रीत होती. मॉइश्चरायझरमधलं ग्लिसरीनही त्याचाच शोध.

ही आम्लं त्वचेच्या कामाची आहेत, हे कळायला जवळपास दोनशे वर्षं गेली. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांनी त्वचा खवल्यांसारखी होणाऱ्या आजारात त्यांचा उपयोग दाखवला. मृत पेशींना धरून ठेवणारे दुवे ही आम्लं सैल करतात, त्यामुळे घासायची गरज उरत नाही.

मग गरोदरपणात काय?

लॅक्टिक ॲसिड आपल्या शरीरातही तयार होतं. सौम्य प्रमाणात त्वचेवर लावलं तर त्यातलं फारच थोडं रक्तात पोहोचतं. ग्लायकोलिक आणि ॲझेलेइक ॲसिडही स्त्रीरोगतज्ज्ञ साधारणपणे चालण्यासारखी मानतात. सॅलिसिलिक ॲसिड थोड्या भागावर, कमी टक्क्यांचं चालतं. अंगभर किंवा तीव्र पील मात्र टाळतात. रेटिनॉलसारखी रेटिनॉइड्स टाळायचीच. मुरुमांसाठी घेतल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं.

घरी वापरायच्या उत्पादनांत लॅक्टिक किंवा ग्लायकोलिक १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या वर असावा, असा तज्ज्ञांचा निकष आहे. लिंबाच्या रसाचा पीएच मात्र २ च्या आसपास असतो. म्हणून ‘नैसर्गिक’ लिंबू थेट चेहऱ्यावर चोळणं सीरमपेक्षा जास्त जळजळीत ठरू शकतं. शिवाय या आम्लांनी त्वचा उन्हाला नाजूक होते आणि गरोदरपणात वांग लवकर गडद होतात. सनस्क्रीन हवंच.

शेलेचा शेवट

नव्या पदार्थांची चव घेऊन बघायची शेलेला सवय होती. अतिविषारी हायड्रोजन सायनाइडचीही चव त्याने नोंदवली. आर्सेनिक असलेला एक सुंदर हिरवा रंग त्याने बनवला, तो पुढे घरांच्या भिंतींवरच्या कागदापर्यंत पोहोचला आणि विषारी निघाला. २१ मे १७८६ रोजी, वयाच्या ४३ व्या वर्षी शेले गेला. विषारी रसायनांशी रोजचा संबंध हेच त्यामागचं कारण असावं, असं मानलं जातं. मृत्यूच्या दोनच दिवस आधी त्याने दुकानाच्या आधीच्या मालकाच्या विधवेशी लग्न केलं, म्हणजे दुकान तिच्याकडे राहील.

त्याच्या टेबलावर दह्याचं आम्लही होतं आणि आर्सेनिकही. दोन्ही रसायनंच. म्हणून ‘केमिकल आहे का’ एवढं विचारून भागत नाही. कोणतं, किती टक्के आणि किती भागावर, हे बघावं लागतं. बाटली पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि लेबल डॉक्टरांना दाखवा.