मादागास्करची रक्तसाक्षी रासालामा

विश्वासास्तव छळ सोसणाऱ्या दूरदेशीच्या बंधुभगिनींसाठी प्रार्थना करणे हे आपले कर्तव्य होय, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. तथापि उपासनेत त्यांच्यासाठी एखादे वाक्य उच्चारून आपण पुढील गीताकडे वळतो, आणि अशा प्रार्थनेने खरोखर काही घडते काय, ही शंका मनात तशीच राहते. त्या शंकेचा विचार व्हावा म्हणून रासालामा नामक एका स्त्रीचे चरित्र आम्ही येथे देत आहो.

आफ्रिका खंडाच्या पूर्वेस हिंदी महासागरात मादागास्कर नावाचे मोठे बेट आहे. तेथे इ. स. १८१८ साली लंडन मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी उतरले. आपल्या प्रजेस विद्या व कलाकौशल्य यावे अशी राजा पहिला रादामा ह्याची इच्छा असल्यामुळे त्याने त्यांस आश्रय दिला. मिशनऱ्यांनी शाळा घातल्या, छापखाना आणिला व पवित्र शास्त्राचे मालागासी भाषेत भाषांतर आरंभिले. इ. स. १८२८ मध्ये राजा मरण पावला व त्याची राणी रानावालोना गादीवर बसली. पुढे इ. स. १८३१ मध्ये राजधानी अंतानानारिवो येथे बाप्तिस्मे होऊ लागले. आरंभी ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांत रासालामा ही तरुण स्त्री होती. अंबातोनाकांगा येथील लहानशा मंदिरात तिने प्रभूचा स्वीकार उघडपणे केला.

राणीचे मन लवकरच फिरले. पूर्वजांचे आशीर्वाद व राजघराण्याच्या देवता ह्यांच्या आधारावर आपले सिंहासन उभे आहे, असे ती मानीत असे. आपली प्रजा स्वतःचे पूर्वज सोडून परक्यांच्या पूर्वजास भजू लागली, असे तिला वाटले. आणि परकीय राष्ट्रांचे भयही तिच्या मनात होतेच. इ. स. १८३५ च्या मार्च महिन्याच्या पहिल्या तारखेस तिने राजधानीत मोठी सभा भरवून ख्रिस्ती उपासना, बाप्तिस्मा व प्रार्थनेसाठी एकत्र जमणे ह्यांस बंदी केली. त्याच वर्षी मिशनऱ्यांनी संपूर्ण मालागासी बायबल घाईघाईने छापून पुरे केले, व त्याच्या काही प्रती विश्वासणाऱ्यांच्या हाती देऊन इ. स. १८३६ मध्ये त्यांतील शेवटचेही देश सोडून गेले. मेंढरांजवळ आता मेंढपाळ राहिला नाही. राहिले ते शास्त्र व प्रार्थना.

जे थोडे विश्वासणारे होते ते रात्री घरांत, नाहीतर रानावनांत व डोंगरांवर गुप्तपणे जमू लागले. राफाराव्हावी नामक एका कुलीन स्त्रीच्या घरीही अशा सभा भरत. इ. स. १८३७ मध्ये ही बातमी सरकारात पोहोचली व पुष्कळांची धरपकड झाली. त्यांत रासालामाही सापडली. तिने आपला विश्वास लपविला नाही व प्रभूस नाकारण्याचेही कबूल केले नाही. तेव्हा तिला मरणाची शिक्षा झाली. आदल्या दिवशी हात, पाय, गुडघे व मान जखडून सर्व शरीर एकवटून जाईल अशा बेड्या तिला घालण्यात आल्या. त्या यातनेतही ती गीते गात राहिली.

ऑगस्टच्या १४ व्या तारखेस सकाळी शिपाई तिला शहराच्या दक्षिण टोकास अंबोहिपोत्सी येथे घेऊन निघाले. वाटेत ज्या मंदिरात तिचा बाप्तिस्मा झाला होता ते तिला दिसले, व तेथे आपण देवाचे वचन ऐकिले ह्याबद्दल तिने आनंद प्रगट केला. वधस्थानी पोहोचल्यावर तिने प्रार्थनेपुरता अवकाश मागून घेतला. ती गुडघे टेकून प्रार्थना करीत असतानाच मारेकऱ्यांनी तिजवर भाले चालविले. तिचे शव तेथेच कुत्र्यांसाठी टाकून दिले. मादागास्करच्या ख्रिस्ती मंडळीची ती पहिली रक्तसाक्षी होय. राफारालाही नामक एक तरुण हे सर्व पाहत उभा होता. पुढील वर्षी त्यानेही तसेच मरण धैर्याने पत्करिले.

ज्या राफाराव्हावीच्या घरी सभा भरत, तिलाही मरणाची शिक्षा झाली होती. परंतु वधापूर्वी राजधानीत मोठी आग लागली, त्या गडबडीत शिक्षा लांबली व शेवटी तिला दासी म्हणून विकण्यात आले. इ. स. १८३८ मध्ये काही सोबत्यांसह ती रानावनांतून पळून किनाऱ्यास पोहोचली, तेथून मॉरिशस बेटास गेली व इ. स. १८३९ मध्ये इंग्लंडात आली. मादागास्करच्या विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळ्यांनी तिला प्रत्यक्ष पाहिले.

दोघी एकाच मंडळीच्या. दोघींसाठी प्रार्थना एकच होत होती. एक सुटली, दुसरी मारली गेली. असे का, हे आम्ही सांगू शकत नाही, व सांगू पाहणाऱ्याने जपून बोलावे. छळही रासालामाच्या मरणाने थांबला नाही. इ. स. १८४९ मध्ये अठरा जणांस मारण्यात आले: चौदा जणांस कड्यावरून लोटले व चौघांस जिवंत जाळले. शेकडो लोक दंड, बेड्या व दास्य भोगीत राहिले. इ. स. १८६१ मध्ये राणी मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, हे चालले. परंतु नवीन राजाने बंदी उठविताच आश्चर्य दृष्टीस पडले. लपलेले विश्वासणारे हजारोंनी बाहेर आले. मिशनरी गेले तेव्हा होते त्यांहून ते कितीतरी पटींनी अधिक होते. इ. स. १८६९ मध्ये राणी दुसरी रानावालोना हिनेच बाप्तिस्मा घेतला. आणि रासालामा जेथे पडली तेथे स्मारक मंदिर उभे राहिले.

प्रिय वाचकहो, ह्यावरून प्रार्थनेविषयी आपण काय शिकावे? केवळ सुटका मागून थांबू नये. ज्यांची सुटका होत नाही त्यांस रासालामाप्रमाणे शेवटपर्यंत स्थिर राहण्याचे सामर्थ्य मिळावे, हेही मागावे. पाहणाऱ्या राफारालाहीसाठी मागावे. आणि भाला धरणाऱ्यासाठी व राज्य करणाऱ्यासाठीही मागावे, कारण भय हेच पुष्कळ वेळा जुलमाचे मूळ असते. तसेच सव्वीस वर्षे उत्तर दिसले नाही तरी मागणे सोडू नये.

ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. उत्तर कोरियात आजही बायबल जवळ बाळगणे प्राणावर बेतू शकते. एरिट्रिया देशात इ. स. २००२ पासून बहुतेक सुवार्तिक मंडळ्यांस बंदी आहे, व पुष्कळ विश्वासणारे चौकशीवाचून तुरुंगात पडले आहेत. आमच्या खेड्यांतील मंडळ्या लहान आहेत, पैसा थोडा आहे. परंतु ही सेवा करण्यास पैसा लागत नाही. बंदीत असलेल्यांची आठवण त्यांच्यासह बांधलेले असल्याप्रमाणे करावी, असा बोध इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे. येत्या रविवारी एका देशाचे नाव घेऊन, घाई न करता, सर्वांनी मिळून गुडघे टेकावे, अशी आमची प्रेमाची विनंती आहे. ज्यांस आपण ओळखत नाही त्यांस प्रभू नावाने ओळखतो.