अल्फ्रेड बिने : मुलांचे मोजमाप करणारा आणि त्याची मर्यादा सांगणारा माणूस

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, डीएडच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी एक नाव पाठ केलंय. अल्फ्रेड बिने, बुद्धिमापन चाचणीचे जनक. एका गुणासाठी एवढं पुरतं. पण या माणसाचं आयुष्य नीट वाचलं तर निकालपत्रकाकडे बघण्याची आपली नजर बदलते.

बिने यांचा जन्म जुलै 1857 मध्ये आजच्या फ्रान्समधील नीस शहरात झाला. वडील डॉक्टर, आई चित्रकार. आईनेच त्यांना वाढवले. त्यांनी कायद्याची पदवी घेतली, पण मन रमले नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ते स्वतःच मानसशास्त्र शिकले. पुढे डॉ. शार्को यांच्या रुग्णालयात संमोहनावर काम केले. तिथले त्यांचे काही निष्कर्ष चुकीचे ठरले, कारण प्रयोग करणाऱ्याच्या सूचनेचाच परिणाम रुग्णांवर होत होता. बिने यांनी ते मान्य केले. मोजणारा माणूसही मोजमापावर परिणाम करतो, हा धडा त्यांना इथे मिळाला.

नंतर त्यांनी घरातच प्रयोगशाळा शोधली म्हणा ना! मादलेन आणि अॅलिस या आपल्या दोन मुलींचे ते बारकाईने निरीक्षण करू लागले. एकाच घरातल्या दोघी, पण विचार करण्याची पद्धत अगदी वेगळी.

फ्रान्समध्ये 1882 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. सर्व प्रकारची मुले वर्गात आली आणि काही मागे पडू लागली. कोणाला वेगळी मदत लागेल हे कसे ओळखायचे? 1904 मध्ये सरकारने यासाठी समिती नेमली, त्यात बिने होते. 1905 मध्ये त्यांनी डॉ. तेओदोर सिमाँ यांच्यासह 30 कृतींची चाचणी तयार केली. 1908 मध्ये त्या कृती वयानुसार लावल्या. तीन वर्षांच्या मुलाने नाक, डोळे, तोंड दाखवावे, अशा त्या साध्या होत्या.

आता इथे थांबून विचार करा. एखादी कृती कोणत्या वयाची, हे कसे ठरले? त्या वयाच्या बहुतेक मुलांना ती जमते यावरून. म्हणजे मूल इतर मुलांच्या तुलनेत कुठे आहे, हेच ही चाचणी सांगते. यालाच आपण मानक संदर्भित चाचणी म्हणतो. मुलाला हातच्याची वजाबाकी येते का, येत नसेल तर कुठे अडते, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी निकष आधी ठरवून त्याच्याशी ताडून बघावं लागतं, ती निकष संदर्भित चाचणी. हा फरक रॉबर्ट ग्लेझर यांनी 1963 मध्ये ठळकपणे मांडला.

बिने यांना आपल्या चाचणीची मर्यादा ठाऊक होती. 1909 च्या पुस्तकात त्यांनी बुद्धी जन्मभर ठरलेली असते या मताला कडाडून विरोध केला. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी व्यायाम सुचवले. उदाहरणार्थ, पुतळ्यासारखे निश्चल उभे राहण्याचा खेळ. मूल कालच्यापेक्षा आज किती पुढे गेले, हे त्यात महत्त्वाचे.

18 ऑक्टोबर 1911 रोजी वयाच्या अवघ्या 54 व्या वर्षी ते वारले. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागले. 1916 मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी त्यातून बुद्ध्यांक प्रचारात आणला. मदतीसाठी केलेली चाचणी शिक्का मारायला वापरली जाऊ लागली. आपल्याकडे डॉ. कामत यांनी तिचे मराठी आणि कन्नड रूपांतर केले, तीच बिने-कामत चाचणी.

शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी तुलनेवर चालते. जागा मोजक्या, त्यामुळे तिथे ते चालतं. पण वर्गात तिसावा आलेल्या मुलाला सोमवारी नेमकं काय शिकवायचं, हे क्रमांक सांगत नाही. म्हणून पालकहो, शाळेत आलात की कितवा नंबर आला हे जरूर विचारा, पण त्याआधी काय काय येतं आणि काय अजून यायचंय ते विचारा. आणि शिक्षक मित्रांनो, याचं उत्तर आपल्या वहीत तयार ठेवूया.