पट्ट्याआडचा हर्निया
सूपच्या डब्यांच्या चित्रांनी जगप्रसिद्ध झालेले अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्यावर ३ जून १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये गोळीबार झाला. फुप्फुस, जठर, यकृत, प्लीहा जखमी झाले. शस्त्रक्रियेने जीव वाचला. पण पोटावर छेद घेतला तिथले स्नायू नीट जुळले नाहीत, आतला भाग पुढे येऊ लागला. हाच ‘इन्सिजनल हर्निया’. पुढची जवळजवळ १९ वर्षे त्यांनी पोट पट्ट्याने आवळून काढली. पट्टा फुगवटा दाबतो, भोक बुजवत नाही. रुग्णालयाच्या धास्तीने ते पित्ताशयाची शस्त्रक्रियाही टाळत राहिले. अखेर फेब्रुवारी १९८७ मध्ये सडलेले पित्ताशय काढताना हर्नियाही शिवला गेला. दुसऱ्याच दिवशी सकाळी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जुन्या टाक्यांच्या जागी फुगवटा दिसला, तर प्रकृती चांगली असतानाच सर्जनला दाखवा.