हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे दुःख आणि दुआ

सब्र म्हणजे मनात प्रश्नच न उठणे, असा आपला समज असेल, तर हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचे चरित्र अवश्य पाहा. मदीनेकडे हिजरत करताना माहेरच्यांनी त्यांना अडवले, सासरच्यांनी लहानगा मुलगा ओढून नेला. त्या ओढाताणीत त्याचा हात निखळला. पती अबू सलमा (रजि.) यांना एकट्यानेच जावे लागले. सुमारे वर्षभर ही तरुण माता रोज अबतहच्या मैदानात सायंकाळपर्यंत रडत बसे.

पुढे मूल व पती दोघेही भेटले. परंतु उहुदच्या लढाईतील जखम पुन्हा चिघळून अबू सलमा (रजि.) हिजरी 4 मध्ये निवर्तले. तेव्हा त्यांनी पैगंबर (स.) यांनी शिकवलेली दुआ केली : या संकटाचे पुण्य मिळावे आणि याहून उत्तम मोबदला मिळावा. पण अबू सलमांहून उत्तम कोण असणार, असे मनात आलेच! तरीही त्यांनी दुआ पूर्ण केली. आणि विशेष हे की, मनातली ही शंका त्यांनी स्वतःच पुढे लोकांना सांगितली; म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली.

काही काळाने खुद्द पैगंबर (स.) यांच्याकडून विवाहाचा प्रस्ताव आला. आपले वय झाले आहे, पदरी मुले आहेत, स्वभाव मत्सरी आहे, हे त्यांनी स्पष्ट कळवले. पैगंबर (स.) यांनी त्या मुलांना आपली मानले.

हिजरी 11 मध्ये पुन्हा वैधव्य आले. त्यानंतर त्या दीर्घकाळ हदीस सांगत राहिल्या. वृद्धापकाळी करबलाची वार्ताही त्यांच्या कानी आली, असे अनेक चरित्रकार लिहितात. बहुतेकांच्या मते उम्महातुल मोमिनीनपैकी सर्वांत शेवटी त्यांचेच निधन झाले.