रविवार मिळाला, घर निसटले

मुंबईच्या गिरणी कामगाराला हक्काचा रविवार मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणारा आणि रात्री दाटीच्या खोलीत अंग टाकणारा कामगार त्यांनी तेथे जवळून पाहिला.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे ते अनुयायी होते. १८८० पासून 'दीनबंधू' पत्र चालवताना त्यांनी श्रमिकांची दुःखे वेशीवर टांगली. १८८४ मध्ये त्यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' स्थापन केली. परळ येथे सभा भरली आणि साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार व अपघाताची भरपाई मागणाऱ्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजारांचा समुदाय जमला. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

१८९६ मध्ये प्लेगने मुंबईला ग्रासले. रुग्णसेवेत झोकून दिलेल्या लोखंडे यांना त्याच साथीने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी आरोग्याच्या नावाखाली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. मात्र जितकी घरे पाडली तितकी गरिबांसाठी बांधली नाहीत.

शंभर वर्षांनी गिरणगावात त्याचीच आवृत्ती निघाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा सार्वजनिक घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. चाळींच्या शेजारी टॉवर आणि मॉल उभे राहिले. वाढती महागाई न सोसल्याने अनेक कुटुंबे कल्याण, डोंबिवली, विरारकडे सरकली; काहींनी कोकणातील गाव गाठले.

लोखंडे यांनी कामगाराला त्याचा वेळ मिळवून दिला. ज्या भूमीवर तो घाम गाळत होता, तेथेच राहण्याचा हक्क मात्र कोणत्याच कराराने त्याच्या पदरात टाकला नाही. रविवारची सुटी साऱ्या शहराची झाली, पण ती ज्यांच्या लढ्यातून आली त्यांच्या वारसांना त्याच शहरात घरासाठी अर्ज करून सोडतीची वाट पाहावी लागली.