कै. भक्ती बर्वे : वाणीची उपासना

कला ही जन्मजात देणगी असली, तरी परिश्रमांची जोड मिळाल्यावाचून ती फळास येत नाही. कै. भक्ती बर्वे-इनामदार ह्यांचे जीवन ह्याचे उत्तम उदाहरण होय. आपल्या सभासद कुटुंबांतील मुलामुलींनी, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या पालकांनी, ह्या चरित्राचे मनन करावे.

भक्तीबाईंचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी नाट्यपंढरी सांगली येथे झाला. बालवयातच त्यांनी सुधाताई करमरकर ह्यांच्या बालरंगभूमीवर पाऊल ठेवले. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्या निवेदिका झाल्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. तेथे वृत्तनिवेदिका म्हणून त्यांची वाणी व मुद्रा प्रेक्षकांच्या परिचयाची झाली. स्पष्ट उच्चार व स्वच्छ शब्दफेक ही त्यांची खरी संपत्ती होती.

१९७५ साली पु. ल. देशपांडे ह्यांचे ‘ती फुलराणी’ हे नाटक रंगभूमीवर आले. बर्नार्ड शॉ ह्या आयरिश नाटककाराच्या ‘पिग्मॅलियन’चे हे मराठी रूप. फुले विकणाऱ्या मंजुळेला एक भाषापंडित नागर भाषा शिकवितो, परंतु तिच्या अंतःकरणाची कदर करावयास मात्र विसरतो. सतीश दुभाषी ह्यांच्यासमोर भक्तीबाईंनी ही मंजुळा अजरामर केली. जिच्या शुद्ध उच्चारांचे दाखले द्यावेत, तिनेच रस्त्यावरची बोली तितक्याच मायेने व अभिमानाने उच्चारली! पुढे दूरदर्शनवर त्यांनी निरक्षर कवयित्री बहिणाबाई चौधरी ह्यांची भूमिकाही केली. ‘हॅण्ड्स अप’, ‘आई रिटायर होतेय’ ही नाटके आणि १९८३ चा ‘जाने भी दो यारो’ हा हिंदी चित्रपट ह्यांतील त्यांच्या भूमिकाही रसिकांच्या स्मरणात आहेत. संगीत नाटक अकादमीने पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला.

अभिनेते शफी इनामदार हे त्यांचे पती. १९९६ साली त्यांचे निधन झाले. हे दुःख गिळून भक्तीबाई रंगभूमीची सेवा करीत राहिल्या. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाई येथील कार्यक्रम आटोपून परतत असता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

आपले उदगीर हे सीमेवरचे गाव. येथील मुलांच्या मराठीत कानडी, तेलुगू व उर्दू शब्द सहज मिसळतात. अशी मुले पुणे-मुंबईस गेली म्हणजे त्यांच्या बोलीची थट्टा होते; ती मग तोंड मिटून बसतात, आणि अंगी गुण असूनही मागे पडतात. शिक्षकाच्या नात्याने हे मी कितीदा तरी पाहिले आहे. प्रमाण भाषा अवश्य शिकावी, कारण ती उपजीविकेचे साधन आहे. पण त्यासाठी आईच्या बोलीची लाज बाळगण्याचे कारण नाही. भक्तीबाईंच्या मुखी दोन्ही सारख्याच शोभल्या. आपल्या घरांतील लेकींनी वक्तृत्वाच्या वा नाटकाच्या व्यासपीठावर जाण्याची इच्छा धरली, तर वडीलधाऱ्यांनी त्यांना अडवू नये, हेच ह्या थोर अभिनेत्रीस खरे अभिवादन ठरेल.