चित्रपटकार पुदोव्किन

रशियातील पेन्झा या गावी १८९३ साली व्सेवोलोद पुदोव्किन याचा जन्म झाला. तो लहान असतानाच त्याच्या घरची मंडळी मॉस्को शहरात येऊन राहिली. शालेय शिक्षण संपल्यावर त्याने मॉस्को विद्यापीठात प्रवेश घेतला व तेथे पदार्थविज्ञान, गणित आणि विशेषतः रसायनशास्त्र या विषयांचा अभ्यास केला. प्रयोगशाळेत बसून द्रव्यांचे गुणधर्म तपासण्यातच त्याचे आयुष्य जाणार, असे तेव्हा दिसत होते. परंतु १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि हा सरळ मार्ग एकाएकी खुंटला.

पुदोव्किन तोफखान्यात दाखल झाला. पुढच्याच वर्षी तो रणांगणावर जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैद्यांच्या छावणीत त्याला सुमारे तीन वर्षे काढावी लागली. पण रिकामा बसून दिवस घालवणे त्याच्या स्वभावातच नव्हते. त्या बंदिवासात त्याने परक्या भाषांचा अभ्यास केला. १९१८ साली तो मायदेशी परतला, तेव्हा रशियाचे रूप पार पालटून गेले होते. झारची सत्ता नष्ट झाली होती, देशात यादवी युद्ध माजले होते आणि अन्नवस्त्राची भयंकर टंचाई होती. अशा दिवसांत पुदोव्किनला एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञाची नोकरी मिळाली.

याच सुमारास त्याने एक चित्रपट पाहिला. ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकाने तो १९१६ साली तयार केला होता. त्या काळचे चित्रपट मुके असत. पडद्यावरील माणसांचे ओठ हलत, पण शब्द ऐकू येत नसे. अगदी अवश्य तेवढा मजकूर मधूनमधून अक्षरांत दाखवीत. ग्रिफिथच्या त्या चित्रपटात चार निरनिराळ्या काळांतील चार कथा एकमेकींत गुंफलेल्या होत्या. पुदोव्किनला तोपर्यंत चित्रपट म्हणजे केवळ करमणुकीचे साधन वाटे. हा चित्रपट पाहून त्याचे मत साफ बदलले. ही एक स्वतंत्र कला आहे आणि आपले आयुष्य या कलेला वाहावे, असे त्याने ठरविले. तेव्हा त्याचे वय सत्तावीस वर्षांचे होते. पोटापाण्याची भ्रांत असलेल्या त्या दिवसांत विज्ञानाचा भरवशाचा व्यवसाय सोडणे हे मोठेच धाडस होते. तरी १९२० साली त्याने मॉस्कोतील सरकारी चित्रपट विद्यालयात विद्यार्थी म्हणून नाव घातले.

पुढे तो लेव कुलेशोव या शिक्षकाच्या हाताखाली शिकू लागला. गुरू शिष्याहून सहा वर्षांनी लहान होता. पण शिकणाऱ्याला त्याचे काही वाटले नाही. देशात कोऱ्या फिल्मचा इतका तुटवडा होता की, विद्यार्थ्यांना कित्येकदा फिल्मवाचूनच नाटुकली बसवून चित्रपटाचा सराव करावा लागे. या गुरुशिष्यांनी केलेला एक प्रयोग पुढे जगभर प्रसिद्ध झाला. त्यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे चित्र घेतले. ते एकदा गरम रश्श्याच्या थाळीच्या चित्राशेजारी, एकदा शवपेटीतील मृत स्त्रीच्या चित्राशेजारी आणि एकदा खेळण्याशी खेळणाऱ्या मुलीच्या चित्राशेजारी जोडले. चेहरा तिन्ही वेळा एकच होता. पण पाहणाऱ्यांना तो पहिल्या वेळी विचारमग्न, दुसऱ्या वेळी दुःखी आणि तिसऱ्या वेळी आनंदी वाटला. चित्रपटाचा अर्थ एकेका तुकड्यात नसून तुकड्यांच्या जुळणीत असतो, हा धडा पुदोव्किनने यातून घेतला. दोन द्रव्ये एकत्र आली की तिसरेच द्रव्य निर्माण होते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवीन नव्हते. ‘बुद्धिबळाचे वेड’ हा छोटा विनोदी चित्रपट आणि मेंदूच्या कार्यासंबंधी पावलोव या शास्त्रज्ञाने केलेल्या प्रयोगांवरील एक बोधपट, असे दोन चित्रपट त्याने आरंभी केले. या दोन्हींमध्ये त्याचा हात चांगला बसला.

त्यानंतर पुदोव्किनपुढे एक अवघड काम आले. मॅक्झिम गॉर्की या थोर साहित्यिकाच्या ‘आई’ या कादंबरीवर त्याला चित्रपट करावयाचा होता. ही कादंबरी १९०६ साली लिहिली गेली. सोर्मोवो येथील कारखान्यात १९०२ साली कामगारांनी काढलेल्या मिरवणुकीच्या सत्य घटनेचा तिला आधार होता. एका कामगाराची अशिक्षित, दबलेली, नवऱ्याचा मार मुकाट्याने सोसणारी बायको पुढे आपल्या मुलाच्या ध्येयाशी कशी एकरूप होते, याची ती कथा आहे. रशियातील असंख्य लोकांनी ती वाचली होती. तिच्यातील पात्रे त्यांच्या मनात घर करून राहिली होती. अशा पुस्तकाला हात लावताना थोडी जरी चूक झाली, तरी लेखकाचा आणि वाचकांचा अपराध केल्यासारखे होणार होते.

शिवाय अडचण आणखीही होती. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरून त्याचे विचार पानेच्या पाने सांगू शकतो. मूकपटाला ती सोय नव्हती. गॉर्कीच्या कादंबरीत संभाषणे पुष्कळ आहेत आणि आईच्या मनातील बदल वर्षानुवर्षे हळूहळू होत जातो. हे सर्व दीडएक तासात आणि तेही आवाजाशिवाय कसे दाखवावे? पुदोव्किन व पटकथालेखक नातान झार्खी यांनी यावर बराच विचार केला. कादंबरीतील प्रत्येक प्रसंग पडद्यावर आणण्याचा हट्ट त्यांनी सोडला. कथेचा गाभा तेवढा घट्ट धरून ठेवला आणि त्याभोवतीची रचना नव्याने केली.

कादंबरीत मुलाचा बाप आरंभीच आजाराने मरतो. चित्रपटात मात्र दारूच्या नादाने तो मालकाच्या बाजूच्या गुंडांना सामील होतो आणि संपाच्या दंगलीत बाप व मुलगा एकमेकांसमोर उभे ठाकतात. त्या दंगलीत बापाचा बळी जातो. मुलगा पावेल याने घरातील जमिनीच्या फळीखाली शस्त्रे लपवलेली असतात व आईने ती पाहिलेली असतात. पोलीस घरात शिरतात, तेव्हा त्या भोळ्या बाईला वाटते की, खरे सांगितले तर आपल्या मुलाला सोडून देतील. ती शस्त्रे काढून देते, आणि तिच्या डोळ्यांदेखत पोलीस मुलाला पकडून नेतात. मायेपोटी केलेल्या कृतीनेच मुलाचा घात व्हावा, यासारखे दुःख कोणते? हा प्रसंग कादंबरीत नाही. परंतु आईच्या मनात जे परिवर्तन घडते, त्याचे मूळ या एका चुकीत प्रेक्षकांना स्पष्ट दिसते. आईला चूक करावयास लावणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची भूमिका स्वतः पुदोव्किननेच केली होती.

आईच्या भूमिकेसाठी त्याने वेरा बारानोव्स्काया या रंगभूमीवरील अनुभवी नटीची निवड केली. छायाचित्रकार गोलोव्न्या याने आरंभी आईची चित्रे वरच्या बाजूने घेतली. त्यामुळे ती लहान, खचलेली व ओझ्याखाली वाकलेली दिसते. पुढे तिच्या मनात धैर्य आल्यावर तिची चित्रे खालच्या बाजूने घेतली. त्यामुळे तीच स्त्री उंच व निश्चयी दिसू लागते. नवऱ्याच्या प्रेताजवळ ती रात्रभर बसलेली असते, त्या प्रसंगी रडारड किंवा आकांत दाखवलेला नाही. केवळ थेंब थेंब पाणी गळताना दिसते. त्या थेंबांवरून खोलीतील शांतता आणि लांबत चाललेली रात्र पाहणाऱ्याला आपोआप कळते. पावेलचा खटला चालू असताना एक न्यायाधीश कागदावर घोड्याचे चित्र रेखाटीत बसलेला दाखवला आहे. तेथे न्याय कसला मिळणार, हे सांगावयास निराळ्या शब्दांची गरज राहत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग तुरुंगातील होता. दुसऱ्या दिवशी सुटकेचा बेत ठरल्याची चिठ्ठी पावेलच्या हाती पडते व त्याला अतिशय आनंद होतो. नटाने नुसते हसून हा आनंद दाखवला असता, तर तो खोटा वाटला असता. पुदोव्किनने पावेलचे चुळबुळणारे हात दाखवले, ओठांच्या कोपऱ्यात उमटणारे हसू दाखवले आणि त्यांच्यामध्ये वसंत ऋतूतील खळाळणारा ओढा, पाण्यावर चमकणारे ऊन, डबक्यात पंख फडफडवणारे पक्षी व एक हसणारे मूल यांची चित्रे जोडली. तुरुंगाच्या भिंतीआड कोंडलेल्या माणसाचे मन कोठे धावत आहे, ते प्रेक्षकांना शब्दावाचून कळले. गुरूच्या वर्गात केलेला तो लहानसा प्रयोग येथे फळाला आला.

चित्रपटाचा शेवटही मुळाहून निराळा आहे. कादंबरीत आई मुलाच्या भाषणाची पत्रके घेऊन जात असता स्थानकावर पकडली जाते. चित्रपटात नदीवरील बर्फ फुटून वाहू लागते. पावेल तुरुंगातून निसटतो व बर्फाच्या तरंगत्या लाद्यांवरून उड्या मारीत मिरवणुकीला येऊन मिळतो. सैनिकांच्या गोळीने तो आईच्या मिठीतच प्राण सोडतो. तेव्हा आई खाली पडलेला ध्वज उचलते आणि एकटी घोडेस्वारांसमोर उभी राहते. घोड्यांच्या टापांखाली तिचा अंत होतो.

१९२६ साली ‘आई’ हा चित्रपट प्रसिद्ध झाला आणि पुदोव्किनचे नाव देशोदेशी गेले. इंग्लंडमध्ये त्याच्या जाहीर प्रदर्शनाला परवानगी मिळाली नाही. तरीही चित्रकलेचे जाणकार तो खटपटीने मिळवून पाहत. १९५८ साली ब्रसेल्स येथे जगातील सर्वश्रेष्ठ अशा बारा चित्रपटांची निवड करण्यात आली, तीत ‘आई’ला स्थान मिळाले. पुदोव्किनने आपले अनुभव ग्रंथरूपानेही लिहून ठेवले. त्यांची इंग्रजी भाषांतरे झाली व अनेक देशांतील तरुण दिग्दर्शकांनी त्यांवरून चित्रपटकलेचे धडे घेतले.

पुढील आयुष्य मात्र सुखाचेच गेले असे नाही. १९३५ साली एका मोटार अपघातात त्याचा जिवलग सहकारी झार्खी मरण पावला. त्या वेळी पुदोव्किन त्याच्याबरोबरच होता. बोलपटांचे युग आले, तेव्हा मूकपटांत मुरलेल्या या कलावंताला पुन्हा नव्याने शिकावे लागले. १९४६ साली नाखिमोव या नौसेनापतीवरील त्याच्या चित्रपटावर सरकारने कठोर टीका केली व त्यातील बराच भाग त्याला पुन्हा करावा लागला. तरी त्याने काम थांबवले नाही.

१९५१ साली पुदोव्किन प्रसिद्ध नट चेर्कासोव याच्यासह भारतात आला. मुंबई, कलकत्ता अशा शहरांतील चित्रपटकारांना तो भेटला. ज्याचे ग्रंथ वाचून आपण शिकलो, तो कलावंत प्रत्यक्ष पाहावयास मिळाल्याने येथील कित्येकांना धन्यता वाटली. मायदेशी परतल्यावर त्याने एका कादंबरीवर आधारलेला आपला शेवटचा चित्रपट पुरा केला आणि १९५३ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

थोर लेखकाची कृती दुसऱ्या माध्यमात आणणे म्हणजे तिची नुसती नक्कल करणे नव्हे. मूळ कथेचा आत्मा ओळखावा लागतो, त्यासाठी काय ठेवावे व काय सोडावे याचा विवेक करावा लागतो आणि त्या निर्णयाची जबाबदारी स्वतः घ्यावी लागते. पुदोव्किनने गॉर्कीचे अनेक प्रसंग बदलले. पण एका गरीब मातेच्या अंतःकरणाची जी थोरवी लेखकाने दाखवली होती, तिला त्याने धक्का लागू दिला नाही. म्हणूनच ज्यांनी ती कादंबरी वाचली आहे, त्यांनाही पडद्यावरील ती आई परकी वाटत नाही.